उजवा कौल

आमच्या वाडीच्या देवळाचे गुरव मला रोज भेटतात. आवाज नेहमी खालचा; बोलण्याआधी जरा थांबतात, कुणाची तरी परवानगी घेतल्यासारखे. देवराईतली वाळकी काटकीसुद्धा त्यांनी कधी घरी नेली नाही.

यंदा देवळापुढे मंडप बांधायचं ठरलं आणि राईतला जुना बेहडा आड आला. त्याच्या ढोलीचं तोंड आतून लिंपून धनेश पक्ष्याची मादी पिल्लांसह बसली होती. नर फटीतून तिला फळं भरवायचा.

"पिल्लं उडेपर्यंत तरी थांबा," मी म्हटलं.

"देव सांगेल तसं करू," वाडीचे प्रमुख मानकरी, गावकर म्हणाले.

देवाचा कौल घ्यायला गुरवांनी मूर्तीच्या डाव्या-उजव्या बाजूंना ओल्या पाकळ्या लावल्या; उजवी आधी पडली तर होकार. डावी पडली, म्हणजे नकार. "परत लावा," मंडळी म्हणाली. परत डावीच. तिसऱ्यांदा गुरवांनी अंगठ्याने हळूच उजवी ढकलली. मी बाजूला होतो, मला दिसलं.

"दिला कौल," ते पुटपुटले.

दुपारी झाड पडलं. फुटलेल्या ढोलीत मादी पिल्लांसकट चिरडली होती.

"का केलंत?" मी विचारलं.

"मी नाय म्हटलं असतं तर उद्या त्यांनी दुसरा गुरव आणला असता. त्यानं पहिल्या खेपेलाच उजवा दिला असता."

 वर नर चोचीत फळ धरून घिरट्या घालत होता.