चिरफाड होऊ न देणारा चांगदेव

थळच्या चांगदेव घरतला गावात एका कामासाठी मान होता. दवाखान्यात कुणी दगावलं की लोक आधी त्याला फोन करत. पोलीस केस नसेल आणि डॉक्टर शवविच्छेदनाची परवानगी मागत असतील, तर चांगदेव जाऊन गोड बोलून, नाहीतर आवाज चढवून, मयत तशीच घरी आणायचा. "अख्खा गेला माणूस, अख्खाच जाळू," म्हणायचा.

गेल्या वर्षी त्याचा धाकटा भाऊ महिपत टेम्पोत नारळ भरताना छाती-पाठीत कळ येऊन कोसळला. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात हृदयविकाराचा झटका समजून उपचार झाले. दुसऱ्या दिवशी तो गेला.

उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या. "आमचं निदान चुकलं असावं, अशी मला शंका आहे. शवविच्छेदन केलं तर कळेल. सक्ती नाही, तुम्ही हो म्हणालात तरच."

चांगदेवनं नेहमीचा सूर लावला. "तुमच्या पोरांना शिकायला माझाच भाऊ गावला काय?"

"हो, पोरंही शिकतील," बाई शांतपणे म्हणाल्या. "आणि मीसुद्धा."

असं उत्तर त्याला कुणी दिलं नव्हतं. तो गडबडला, तेवढ्यात महिपतची बायको नेत्रा उठली. "दादा, ते कशानं गेले ते मला कळाया पायजे. उद्या रुचितानं विचारलं, बाबांना काय झालेलं, तर काय सांगू?"

सही नेत्रानं केली. बाहेर चांगदेवचा फोन सारखा वाजत होता. एवढा वेळ का, असं गाव विचारत होतं. खरं सांगायची लाज वाटून तो म्हणाला, "रुग्णवाहिका मिळत न्हाय."

महिपतला झटका आलाच नव्हता. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फुगून आतून फाटली होती. रक्त पातळ करायच्या औषधानं उलट घातच केला असावा, हे बाईंनी आधी विद्यार्थ्यांना आणि मग नेत्राला तोंडावर सांगितलं. पुढे म्हणाल्या, "हे घराण्यात असू शकतं. रक्ताच्या सगळ्यांना तपासून घ्या."

महिपतची मुलगी रुचिता ठणठणीत निघाली. रक्तवाहिनी फुगलेली होती ती चांगदेवची. महिन्याभरात मुंबईला त्याची छाती मधोमध उघडून ऑपरेशन झालं आणि तो वाचला.

शुद्धीवर आल्यावर तो पहिल्यांदा चिडलाच. "त्या बाईंवर तक्रार करतो. माझा भाऊ मारला."

"करा," नेत्रा म्हणाली. "पण त्यांनी ते लपवलं असतं, तर तक्रार करायला तुम्ही उरला असता काय?"

तक्रार राहिली. पुढे काशीदचा एक हॉटेलवाला तशीच पाठ धरून त्या दवाखान्यात आला. महिपतचं शवविच्छेदन पाहिलेल्या एका शिकाऊ डॉक्टरनं औषध देण्याआधी स्कॅन करायला लावला. माणसाला वेळेत मुंबईला ऑपरेशनसाठी पाठवलं आणि तो जगला.

यंदा गावातल्या मोरूचे वडील तिथंच ताप न उतरता वारले. मोरूनं चांगदेवला हक्कानं बोलावलं. चांगदेव म्हणाला, "करू दे त्यांना. कळेल तरी." "तुला दवाखान्यानं फितवलाय," म्हणत मोरूनं दुसरा माणूस गाठला आणि वडिलांना तसेच घरी आणले. ताप कशाचा होता, हे कुणालाच कळलं नाही. तेराव्याच्या जेवणात चांगदेवशेजारी कुणी बसलं नाही. नेत्रा ताट घेऊन आली आणि त्याच्या बाजूला बसली.