रिकाम्या जागेवरचा काटा

मोताळ्याच्या बाजारात मिक्सर-रेडिओ दुरुस्त करणारा तो चाळिशीचा माणूस पूर्वी पुण्यात एका एफएम स्टेशनवर इंग्रजी रॉक गाणी लावायचा. ते स्टेशन कधीच बंद पडलं. तरी दुरुस्त झालेला प्रत्येक रेडिओ तो काटा त्याच जागी ठेवून परत देतो. माझाही तसाच दिला. तिथे नुसती खरखर येते.

"एवढ्या मोठ्या पुण्यात तुह्यं आयकाले कोनी नव्हतं काय रे?" मी विचारलं.

"होते ना, आजी. पन आपापल्या खोलीत. जाहिरातवाल्याईले दिसलेच नाहीत."

विशीत मी फर्माईशीचं पत्र टाकलं की पावडर लावून, वेणी घालून रेडिओसमोर बसायची, जणू निवेदक मलाच बघणार होता. बावळट कुठली!

परवा त्याची गंमत करावी म्हणून मी ठोकून दिलं, "सकाळी लागलं होतं रे तुह्यं स्टेशन."

"फेकू नका, आजी. पुन्याचं इथं कधीच लागत नव्हतं," म्हणत तो हसला आणि पुन्हा तारेला कथलाचा डाग द्यायला लागला. मग हात थांबवून, माझ्याकडे न बघताच त्याने विचारलं,

"कोनतं गानं होतं?"