डब्यावरचा दिवा

देवघरातल्या अखंड दिव्याखाली तो चपटा, गोल पत्र्याचा डबा दिसला आणि मी उंबऱ्यातच थांबलो.

मी जुन्या फिल्म जतन करणाऱ्या लॅबमध्ये काम करतो. पाथर्डीकडच्या एका गावातून विष्णूचा फोन आला होता. "पणजीच्या सिनेमाचं रीळ हाय. दसरा झाला की आमी ऊसतोडीला जानार, त्याच्या आत या." म्हणून ऐन नवरात्रात गेलो. पणजी मूकपटातली नटी. पडदा बोलायला लागला, हिची गावाकडची बोली कुणाला चालेना. काम संपलं, गावी आली, लग्न झालं.

त्या काळची फिल्म नायट्रेटची, म्हणजे बंदुकीच्या दारूची चुलत बहीण. जुनी झाली की जराशा उष्णतेनं पेट घेते आणि मग पाण्यानंही विझत नाही. आणि इथं तिच्या डोक्यावर समई!

अंगणात येऊन साहेबांना फोन लावला.

"सर, डब्यावर दिवा आहे."

"मग विझव!"

"घट बसलेत, सर."

"माणसं बाहेर काढ आणि हातापाया पड," साहेब म्हणाले.

विष्णूची आजी, म्हणजे त्या नटीची सून, देवघरातून हलेना.

"बसवलेला दिवा उचलत न्हाईत."

"आजी, डबा पेटेल. घर जाईल."

"इतकी वर्सं पेटला न्हाई." मग तिचा आवाज चढला. "सिनेमात नाचली म्हनून माझ्या सासूला तिच्या सासूनं देवघराचा उंबरा वलांडू दिला न्हाई. मरस्तोवर! ती गेल्यावर मी तिचा डबा देवाम्होरं ठिवला. आन् तुमी तिला उठवाया आलाव व्हय?"

मी पत्र्याजवळ हात नेला. चांगलाच तापला होता. खरं सांगतो, पळून जावंसं वाटलं.

"आजी, घराचं राहू द्या. आत सासूबाई आहेत, त्या जळतील. त्यांचं एवढंच उरलंय."

आजी डब्याकडे वळली. मग सुनेला म्हणाली, "दुसरी समई आन गं. वात सरल्यावर करतो तसं करू."

वात संपत आली की त्याच ज्योतीवर दुसरी पेटवून घ्यायची, म्हणजे दिवा अखंड राहतो. आजीनं नवी समई लावली, पाटावर ठेवली आणि जुनी उचलली. तेल हिंदकळलं. पण सांडलं नाही. डबा बर्फाच्या पेटीत घालून मी निघालो.

लॅबमध्ये उघडला तर बहुतेक रीळ गुळाच्या ढेपेसारखं चिकटलेलं. आतला थोडा भाग तेवढा सुटला. दिवाळीनंतर लॅपटॉप घेऊन गेलो. बाकीचे ऊसतोडीला गेलेले, आजी एकटीच. पडद्यावर कमरेवर कळशी घेतलेली एक पोरगी कुणाकडे तरी बघून खळखळून हसत होती.

"ही कोन?" आजीनं विचारलं.

"तुमच्या सासूबाई."

आजीनं पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा. मग पदर डोळ्याला लावून म्हणाली, "हसताना कधी पाह्यलंच न्हाई. वळखू कशी?"

आता फोन आला की मी आधी विचारतो, डब्यावर काय ठेवलंय? फिल्ममध्ये कोण आहे, ते नंतर. तसंही ते घरच्यांना ठाऊक असतंच असं नाही.