हिऱ्याची खांदशेकणी

पोळ्याच्या आदल्या दिवशी तायडे सरांच्या टायपिंग क्लासच्या दाराला एक पुठ्ठा लटकलेला असायचा. त्यावर निळ्या शाईत, सरांच्या ताठ उभ्या अक्षरात लिहिलेलं असे : 'आज जनावरं सुट्टीवर. कोणी हात लावू नये.' नवखा माणूस जिना चढून येई, ते वाचे आणि तिथेच थबके. पाटी टायपिंगची, खाली खामगावचा भर बाजार, आणि इथे वरच्या मजल्यावर जनावरं कुठून आली?

जनावरं म्हणजे तीन कॉम्प्युटर. गावात ते नवे नवे आले, तेव्हा सरांनी बारा टायपिंग मशीनच्या शेजारी तीन जुने कॉम्प्युटर आणून मांडले आणि त्यांची नावं ठेवली हिऱ्या, लाल्या आणि मोऱ्या. हिऱ्या सगळ्यांत म्हातारा. प्रिंटर त्याच्या एकट्याच्याच गळ्यात होता, त्यामुळे त्याला विसावा कमी. सर मूळचे वरवट बकालचे. थोरले भाऊ तिकडे शेती करायचे, आणि सर शहरात येऊन चाळीस वर्षं झाली तरी डोक्याने वावरातच होते. खांदशेकणीच्या दिवशी वऱ्हाडात बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावून पळसाच्या पानाने शेकतात आणि त्याच्या कानात सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." त्या दिवशी बैलाला जुंपायचं नाही. सरांनी हा नियम कॉम्प्युटरला लावला. सकाळी तिन्ही मशीनवर डिफ्रॅग लावायचं, चपला दाराबाहेर काढायच्या आणि खुर्ची ओढून समोर बसायचं.

मी त्यांच्याकडे आधी विद्यार्थिनी होते, चाळीस शब्दांची परीक्षा पास झाल्यावर त्यांनीच मला शिकवायला ठेवून घेतलं. सर डोळे मिटून वर्गात फेऱ्या मारायचे आणि नुसत्या आवाजावरून चुका सांगायचे. "सुनंदा, तुया डाव्या हाताची करंगळी कामचोर हाय." मी चिडायचे, कारण ते खरं असायचं.

डिफ्रॅग म्हणजे काय, हे मला त्यांनीच समजावलं. कॉम्प्युटरच्या पुस्तकात दीड पान होतं, ते वाचून मला फक्त जांभई आली होती. सर म्हणाले, "माया बापाचं वावर चार ठिकानी होतं. एक तुकडा नाल्याजवळ, एक पांदनीच्या पार, एक गावाच्या तिकडून. बैल कामानं कमी अन् चालून चालून जास्त दमे. या हिऱ्याचंही तसंच होय. एक चिठ्ठी लिहिली का हा तिचे दहा तुकडे करते अन् जागा दिसन तिथं ठेवते. मंग वाचाले मांगितली, का बिचारा गावभर हिंडते. आज त्याचे सारे तुकडे एका धुऱ्यात आनून देऊन राह्यलो." वावर म्हणजे शेत, धुरा म्हणजे बांध आणि 'देऊन राह्यलो' म्हणजे 'देतोय', एवढं कळलं की त्यात न समजण्यासारखं काही नव्हतं.

ती सकाळ मला अजून आठवते. बाहेर ढगाळ, ओला उजेड. खिडकीच्या जाळीत गेल्या हंगामातली जिनिंगची रुई अडकलेली. पडद्यावर निळे, हिरवे चौकोन एकेक करून उठायचे, दुसरीकडे जाऊन बसायचे, आणि हिऱ्याच्या पोटातून रवंथ केल्यासारखा बारीक कुरकुर आवाज यायचा. बघता बघता माणसाच्या डोळ्यांवर झापड येई. सर तासन्‌तास हलायचे नाहीत. एकदा मी विचारलं, "सर, कंटाळा नाही येत?" तर हळूच म्हणाले, "पाह्य ना. कोनाले ढकललं नाई, कोनाले रागावलं नाई, अन् सारे आपापल्या जागी चालले." मी पण मग बसून राहिले. मला वाटलं, माझ्याही आत काही काही असंच हलतंय, जागेवर जातंय. हे कोणाला सांगायची सोय नव्हती, हसले असते सगळे.

हिऱ्याला एवढं जपायचं आणखी एक कारण होतं, ते म्हणजे पोरांची यादी. क्लास सुरू झाल्यापासून जो कोणी सरांच्या हाताखालून गेला, त्याचं नाव, गाव, मिनिटाला किती शब्द, आणि शेवटचा रकाना 'सध्या कुठे'. कोणी कोर्टात स्टेनो, कोणी कलेक्टर कचेरीत, कोणी बीबी गावच्या शाळेत कारकून, कोणी नुसतीच संसारात. जुन्या रजिस्टरांना वाळवी लागली म्हणून सरांनी दोन वर्षं खपून ती यादी हिऱ्यात घातली आणि वाळवीची रजिस्टरं जाळून टाकली. सरांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या पत्नीला जाऊनही बरीच वर्षं झाली होती. कोणी भेटायला आलं की सर यादी उघडून त्याचं नाव दाखवायचे, आणि तो शेवटचा रकाना त्याच्यासमोर भरायचे. त्या वेळी त्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

आता माझं सांगते. स्टँडजवळ एक नवा क्लास निघाला होता. दहा कोरे कॉम्प्युटर, काचेचा दरवाजा, फिरत्या खुर्च्या. त्यांना शिकवायला माणूस हवा होता आणि अर्ज कॉम्प्युटरवर छापलेलाच मागितला होता, शेवटचा दिवस नेमका खांदशेकणीचा. मला जायचं होतं. सरांना सांगायची हिंमत नव्हती. त्या वर्षी सर एक वाजता भावाच्या बैलांचे खांदे शेकायला वरवटच्या एसटीने निघाले. जाताना म्हणाले, "लाल्या, मोऱ्या होत आले. हिऱ्याले येळ लागन. शंभर टक्के झाल्याबिगर हात लावू नको, माय. आज त्याचा दिवस होय."

ते जिना उतरले आणि मी हिऱ्यासमोर बसले. लाल्या, मोऱ्या दोन वाजता संपले, ते मी रीतसर बंद केले. हिऱ्या बासष्ट टक्क्यांवर. प्रिंटर त्याच्याकडेच. तीन वाजले तरी सत्तरीत. चारला तो नवा क्लास बंद होणार. मी थांबवायचं बटण दाबलं, तर पडदा तसाच गोठला. चौकोन हलेनात. पाच मिनिटं वाट बघितली, देवाचं नाव घेतलं आणि सरळ भिंतीवरचा स्विच बंद केला.

परत लावला तेव्हा हिऱ्या उठलाच नाही. आता टायपिंग मशीनवर बडवला काय आणि हाताने लिहिला काय, सारखंच. मी हाताने अर्ज लिहिला, धावत जाऊन देऊन आले.

पोळा झाल्यावर सर आले, ओल्या हळदीचे डाग अजून नखांत होते. मी दारातच म्हणाले, "सर, परवा तुम्ही गेलात आणि तिन्ही चालू असतानाच लाइन गेली. हिऱ्याचं अर्धंच राहिलं." सरांनी लाल्या लावला, तो सुरळीत सुरू झाला. मोऱ्याही. हिऱ्या लावला, तर निळा पडदा आणि मशीन नीट बंद केली नव्हती अशी इंग्रजी ओळ. सरांनी तिन्हीकडे एकदा पाहिलं, मग म्हणाले, "जाते बाप्पा लाइन. तिच्यावर आपला काही हुकूम हाय का?"

अकोल्याहून माणूस बोलावला, त्याने हिऱ्याला उठवलं. पण यादी गेली. तिचे तुकडे निघाले, कुठे अर्धं आडनाव, कुठे नुसतं गाव, कुठे कोणाचं तरी 'सध्या कुठे' आणि बाकी सगळी चिन्हांची खिचडी. फ्लॉपीवर एक प्रत होती, तिला पावसाळ्यात बुरशी लागलेली. सर त्या तुकड्यांकडे एक दुपारभर बघत बसले. मी पाणी नेऊन दिलं. ते त्यांनी प्यायलं नाही.

महिन्याभराने मला नव्या क्लासचं बोलावणं आलं. सरांनी हातावर साखर ठेवली आणि म्हणाले, "करंगळीकडे लक्ष ठेवजो." बस, एवढंच.

नव्या क्लासात आठवडा झाला असेल. भर दुपारी लाइन गेली, अर्ध्या तासाने आली. पोरांनी दहाही मशीन लावल्या आणि दहाही पडद्यांवर एका रांगेत तीच निळी पाटी, तीच इंग्रजी ओळ उमटली. मी मधोमध उभी होते. लाइन जाते तेव्हा सगळ्यांची जाते. त्या दिवशी लाल्या-मोऱ्या मुकाट्याने सुरू झाले होते आणि सरांनी तिन्हीकडे एकदा पाहिलं होतं. एवढी वर्षं मशीनशी खेळून मला हे सुचलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण मी चोर असून माझ्या मनात मिट्ट काळोख होता!

तरी मी गेले नाही. आज जाईन, उद्या जाईन करत तीन पोळे गेले. कानावर यायचं ते एवढंच, की तायडे सर दर रविवारी दोनशे पानी वही घेऊन एसटीने हिंडतात. शेगाव, नांदुरा, संग्रामपूर. लग्नात जेवायच्या पंगतीत, आठवडी बाजारात भाजीच्या पालाशी उभं राहून विचारतात, "आपल्या क्लासची कोनी पोरं हायत का अथी?" एक भेटला की तो दुसऱ्याचं नाव सांगे, दुसरा तिसऱ्याचं. लोक म्हणत, सरांचं वयोमानाने जरा चळलं. मी ऐकायचे आणि ताटातली भाजी चिवडायचे.

चौथ्या वर्षी, खांदशेकणीच्याच दिवशी, मी तो जिना चढले. पुठ्ठा तिथेच होता, शाई फिकटलेली. आत सर खुर्चीत, चष्म्याच्या काचा चांगल्याच जाड झालेल्या. तिन्ही पडद्यांवर चौकोन चालले होते. हिऱ्या अजून जिवंत होता. मी चपला काढल्या.

"कोन?"

"मी सुनंदा."

"ये माय. बस. आवाज करू नको."

मी खाली चटईवर बसले. मग मीच म्हणाले, "सर, त्या दिवशी लाइन गेली नव्हती."

सर पडद्याकडेच बघत होते. "मले माहीत हाय. तीन बैल एका झाडाखाली उभे, अन् एकटाच भिजला, तं तो पाऊस नसते."

"मग बोलला का नाहीत?"

"तूच बोलशीन म्हनून. मी बोललो असतो तं तू रडली असती, मी रागावलो असतो, अन् तू आजन्म इकडं फिरकली नसती. यादीतून एक नाव अजून कमी."

मी रडले, अगदी हुंदके देऊन. सरांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "झालं? आता काम कर. मले बारीक दिसत नाई. वह्या कपाटात हायत."

वह्या पाच होत्या. पेन्सिल, पेन, कुठे लग्नपत्रिकेचा तुकडा चिकटवलेला, कुठे भाजीवालीने सांगितलेलं नाव तिच्याच मुलाच्या अक्षरात. सगळं जसं भेटलं तसं, विखुरलेलं. मी म्हटलं, "नावांच्या क्रमाने लावते." सर म्हणाले, "नाई. गावावारी लाव. एका गावची पोरं एका जागी."

मी पहिली वही उघडली. पहिल्या पानावर पहिलंच नाव माझं होतं. गाव खामगाव. वेग चाळीस. आणि 'सध्या कुठे' या रकान्यात, त्या ताठ उभ्या अक्षरात : 'येऊन राह्यली.'

"सर, हे केव्हा लिहिलं?"

"तू साखर घेऊन जिना उतरली ना, तवा."

पुढे दिवाळीपर्यंत मी रोज संध्याकाळी जाऊन टाइप करत होते. सर डोळे मिटून ऐकायचे आणि मधूनच म्हणायचे, "करंगळी." यादी पूर्ण झाली, मी तिच्या तीन ठिकाणी प्रती ठेवल्या. हिऱ्या त्यानंतर फार टिकला नाही. सरही नाही. होळीच्या आधी, दुपारी वर्गात टायपिंगचा खडखडाट चालू असताना, खुर्चीत बसल्या बसल्या ते गेले. पोरांना वाटलं, ऐकताहेत. कोणी तरी चुकलं आणि सरांनी टोकलं नाही, तेव्हा कळलं.

क्लास आता मी चालवते. नव्या मशीनना डिफ्रॅग लागत नाही म्हणतात. तरी खांदशेकणीला मी क्लास बंद ठेवते आणि यादी उघडून बसते. सर गेले त्या वर्षीच्या खांदशेकणीला एक गोष्ट माझ्या लक्षात आली, की त्या यादीत सगळे होते, फक्त सरांचं नाव नव्हतं. मी वरवट बकालखाली एक ओळ वाढवली. नाव लिहिलं, गाव लिहिलं. वेगाच्या रकान्यात काय लिहायचं ते ठाऊक नव्हतं, ते कोरं सोडलं. शेवटच्या रकान्यापाशी मी फार वेळ थांबले. बाहेर तोच ढगाळ, ओला उजेड होता. मग दाराकडे पाहिलं आणि डावी करंगळी सांभाळून टाइप केलं : 'सुट्टीवर. कोणी हात लावू नये.'