दादाच्या हातचं तेल

मंडळी, आज पहाटेचा प्रसंग डोक्यातून जात नाही, म्हणून लगेच लिहितोय.

बहिणीला कळा सुरू झाल्या. महाराष्ट्र राज्य झालं तरी आमच्या फुलसावंगीत भाड्याची मोटार एकच, शेजारच्या उकंडा ड्रायव्हरची. त्याच मोटारीनं बहिणीला पुसदच्या दवाखान्यात न्यायचं होतं. थंडी कडाक्याची. उकंडानं मोटारीच्या पुढचं हँडल मारून पाहिलं, पण इंजिन जखडलेलं.

"तेल कोणतं हाय रे?" मी विचारलं.

"चाळीस नंबर."

म्हणजे उन्हाळ्याचं जाड तेल. दिवाळी सरली की इथले ड्रायव्हर ते काढून तीस नंबरचं पातळ तेल भरतात, कारण थंडीत जाड तेल फार घट्ट होतं.

"मंग बदललं काहून नाही?"

उकंडा हँडल धरूनच बोलला. "माह्या दादानं भरलं होतं, भाऊ. दुसऱ्याच दिवशी गेला थो. मले काढवत नाही."

मागच्या सीटवर बहीण कण्हत होती. आई चुलीतले निखारे शेगडीत भरून घेऊन आली. "मेलेल्याचं मंग पाह्य, जित्या पोरीले ने आधी!" तिनं शेगडी इंजिनाखाली सरकवली. तेल तापलं, तेव्हा कुठे मोटार सुरू झाली.

मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

मी पुसदच्या बाजारातून तीस नंबरचा डबा घेऊन आलो. तेल पुन्हा घट्ट होऊ नये म्हणून उकंडानं इंजिन चालूच ठेवलं होतं आणि बॉनेटवर हात ठेवून तो उभा होता, तापातल्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. डबा माझ्या हातातच राहिला.

उद्या पहाटे पुन्हा कुणाला तरी ही मोटार लागेल. "काढ ते तेल आता," असं तुम्ही त्याला म्हणू शकला असता?