जित्त्या बाईचा फोटो

मी फोटो काढायला शिकले ती मढ्यांवर. हे नातसुनेला सांगितलं तेव्हा तिनं हातातला घास ताटात ठेवला. तिला म्हटलं, जेवून घे आधी, पुढचं याहून घाण आहे.

पन्नासनंतरची सालं. चांदा जिल्हा तेव्हा गडचिरोलीसकट एकच होता. नवरा जंगल खात्यात, आणि त्याची बदली वैनगंगेच्या काठच्या एका गावी झालेली. माझं माहेर चिमूरचं. लग्नात मामानं मला एक डबा कॅमेरा दिला होता. काळा चौकोनी डबा, पुढे एक डोळा, बाजूला एक खटका. मामाला तो कुणीतरी दिला होता आणि त्याच्यानं काही जमत नव्हतं, म्हणून माझ्या गळ्यात आला. पण मला वाटलं, मी जन्माचीच कलावंत आहे आणि मामानं ते ओळखलं. तेव्हाची मी आता समोर आली तर तिला आधी मोरीवर नेऊन तोंड धुवायला लावीन.

मला काढायचा होता वैनगंगेवरचा सूर्यास्त. तो काढला. वरणात लिंबाची फोड पडावी तसा आला. मग मार्कंड्याच्या देवळावरच्या मूर्ती काढल्या, त्यांत मूर्ती सोडून माझ्याच सावलीचा अंबाडा आला. तरी मी ते फोटो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते, आणि तिथंच चुकलं. गावाला कळलं की जंगलवाल्या बाईजवळ कॅमेरा आहे.

त्या भागात जिवंतपणी कुणी फोटो काढत नसे. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं सगळे म्हणायचे. माणूस गेला की मग घराला आठवायचं, भिंतीवर लावायला काहीच नाही. चांद्याचा स्टुडिओ लांब, आणि मढं थांबत नाही. मग बैलांची रेंगी आमच्या दारात यायची. "बाई, चाला. बुढा गेला. लवकर चाला, ऊन वाढून राह्यलं."

आणि मी जायची. नवी साडी नेसून जायची, हे लिहिताना आज अंगावर शहारे येतात. फोटोवाली बाई म्हणून लोक वाट मोकळी करून देत, ते मला फार आवडायचं.

आत काय असायचं ते सांगते. मढ्याला आंघोळ घालून, फेटा बांधून, पाठीला बांबू लावून बसवलेलं असायचं. नाकातला कापूस फोटोपुरता काढायचा. हनुवटी बांधलेली पट्टी काढली की जबडा पडायचा, म्हणून खाली कणकेचा गोळा लावून त्यावर उपरणं ओढायचं. मागं कुणीतरी उकिडवं बसून मान धरायचं. मे महिना असला तर तो वास घरात नाही, माझ्या जिभेवर बसायचा. दोन दिवस वरणालाही तीच चव. माश्या हाकायला एक बाई असायची, आणि खटका दाबायच्या वेळी ती बाजूला झाली की सगळ्या माश्या परत यायच्या. मी सवयीनं "हलू नका" म्हणायची. एकदा मागं मान धरून बसलेल्या जावयानं मढ्याआडूनच उत्तर दिलं, "नाई हालत, बाई."

घरी आलं की सासूबाई दारातच उभ्या. त्यांना आम्ही मामीजी म्हणायचो. लुगड्यासकट डोक्यावरून पाणी, मग आत प्रवेश. कॅमेऱ्यालाही विटाळ, म्हणून त्याच्यावर तुळशीच्या पानानं गोमूत्र. पावसाळा संपेपर्यंत त्या डब्याच्या डोळ्याला आतून बुरशी चढली. माझी मढी धुक्यात दिसायला लागली. लोकांना ते पसंत पडलं. म्हणाले, बुढा ढगात पोचला. मग एक दिवस खटकाच चिकटला आणि डबा मेला. मला वाटलं, सुटलं.

सुटलं नाही. नवऱ्याचे एक साहेब बदलून चालले होते, ते आपला दोन डोळ्यांचा कॅमेरा मला देऊन गेले. हा पोटाशी धरायचा आणि वरून खाली काचेत बघायचं. उजेडानं काच दिसत नाही, म्हणून डोक्यावर पदर ओढून, मान खाली घालून बघायचं. मामीजींना हा कॅमेरा एकदम आवडला. "आता कशी सूनवानी दिसते," म्हणाल्या. साहेबांनी जाताना एवढं शिकवलं की अंधाऱ्या घरात ही चकती इथं ठेवा, तो काटा तिथं, कॅमेरा कशावर तरी टेकवा आणि श्वास रोखून खटका दाबा. ते मी स्तोत्रासारखं पाठ केलं. त्या काचेत उजवं डावं दिसतं, हे ते बहुतेक विसरले. किंवा सांगितलं असेल आणि मी शहाणपणात ऐकलं नसेल.

नव्या कॅमेऱ्याचं पहिलं मढं जुन्या मालगुजाराचा काका होता. देह भला थोरला. काचेत तो मला डाव्या कडेला दिसला. मी पदरातून म्हटलं, "थोडं उजवीकडे घ्या." त्यांनी घेतलं. काचेत तो आणखी डावीकडे गेला. "अजून उजवीकडे." ओढलं. अर्धा काका काचेबाहेर. मला राग आला, लोकांना साधं उजवं-डावं कळत नाही. "अजून," म्हटलं, तशी बांबूची गाठ सुटली आणि काका मान धरणाऱ्यावर आडवा झाला. खालून आवाज आला, "काढा वं मले." कणकेचा गोळा घरंगळत माझ्या पायाशी आला. मी तो उचलून परत दिला. माझ्या या हातांनी.

फोटो मात्र असा स्वच्छ आला की फेट्याची वीण मोजता यावी. मढ्यासारखं गिऱ्हाईक नाही. पापणी लवत नाही, शिंक येत नाही. खटका कितीही सावकाश पडो, सगळं जागच्या जागी. मी समजले, माझा हात बसला.

रीळ धुवायची खोली म्हणजे धानाच्या कोठीमागची अंधारी जागा. उंदरांच्या मुताचा वास, त्यात औषधाचा आंबूस वास. उन्हाळ्यात पाणी एवढं तापायचं की फिल्मवरचा थर सुटून सायीसारखा बोटांवर यायचा. एका पाटलाचं नाक तसं माझ्या अंगठ्याला चिकटून आलं. म्हणून माठाचं पाणी वापरायची, आणि मामीजींच्या पिण्याच्या माठातलं वापरलंय हे त्यांना कधी सांगितलं नाही.

फोटो छापून झाला की शेवटचं काम म्हणजे डोळे. मिटलेल्या पापण्यांवर मी बारीक कुंचल्यानं उघडे डोळे रंगवायची. याचा मला सगळ्यांत जास्त गर्व होता. डोळे मला एकाच तऱ्हेचे येत होते, शाळेत पाटीवर गिरवलेल्या लक्ष्मीचे. लांबट, कानापर्यंत गेलेले. त्या पंचक्रोशीत एका काळी निम्म्या भिंतींवरून फेटे घातलेल्या मिशाळ लक्ष्म्या बघत होत्या.

अशातच आमच्या दारी मासे विकायला येणाऱ्या बुढीचा नवरा गेला. बुढी नदीकाठची, काळी, वाळक्या शेंगेसारखी, आणि तोंडानं पक्की. मासे ती अंगणातच कापून द्यायची, कारण मामीजी आत येऊ देत नसत. नवऱ्याचं मढं मी काढलं, धुतलं, डोळे घालून दिलं. आठवड्याभरानं ती टोपलीवर फोटो ठेवून परत आली.

"बाई, हा कोन होय?"

"तुझा नवरा."

"माहा बुढा एका डोळ्यानं तिरपा होता. आख्ख्या गावाले मालूम हाय. आन हे तोंडावर काय हाय?"

खालच्या ओठावर माशी बसलेली होती. पायांसकट, पंखांच्या शिरांसकट स्वच्छ आलेली. मी म्हटलं, ती काढून टाकते कुंचल्यानं.

"राहू दे. तेवढीच खरी हाय याच्यात," असं म्हणून बुढी बाजूला थुंकली. मग जवळ आली. अंगाला शेवाळ आणि माशाच्या आतड्यांचा वास. "आयक. मले असं नोको. मी मेल्यावर पोट्टे तुलेच बलावतीन. तू येशील, मले बांबूले बांधशील, आन मग असे बाईचे डोळे लावशील. माहा फोटो जित्तेपनीच काढ."

"तुझे पोरगे रागावतील. आयुष्य कमी होतं म्हणतात."

"कमी व्हाले उरलं काय हाय? खोकला पाहून राह्यली ना माहा. पावसाआधी काढ."

मी अगदी मोठेपणानं हो म्हटलं. जिवंत माणूस म्हणजे सोपं काम, असं माझं मत.

ती आली. नवं पातळ, केसांना तेल. ओसरीतल्या सावलीत पाटावर बसली, भिंतीला टेकली, डोळे मिटले, तोंड अर्धवट उघडं टाकलं आणि हात मांडीवर सैल सोडले. मामीजी आतून बघून घाबरल्या. मी म्हटलं, "डोळे उघड ना."

"फोटोत मिटतेत ना?"

तिनं आयुष्यात जेवढे फोटो काढताना पाहिले तेवढे मढ्यांचेच. फोटोला बसायची रीत तिला ती एकच ठाऊक. तिला डोळे उघडायला लावायलाच सकाळ गेली. उघडले तर भीतीनं एवढे वटारले की बघवेना. आणि मी पाठ केलेलं स्तोत्र म्हटलं, चकती इथं, काटा तिथं, श्वास रोखला, खटका दाबला. ती खोकली.

फोटो धुतला तर पाटावर धुराचा लोट बसलेला. तोंडाच्या जागी कणकेसारखं काहीतरी पुसलेलं. पुन्हा काढला. पुन्हा धूर. बुढी म्हणाली, "मढे बराबर येतेत, मीच काऊन येत नाई?"

मला तेव्हा कळलं की मला फोटो काढता येत नाहीत. मला फक्त न हलणारी वस्तू काढता येते, आणि ती बिचारी वस्तू स्वतःच सगळं काम करते. एवढे दिवस मान वर करून मिरवत होते ते मढ्यांच्या जिवावर. त्या दिवशी मला माझा जो वीट आला तो त्या वासांचाही आला नव्हता.

मग मी उजेडात आले. काटा सरकवून खटका झटकन पडेल असा ठेवला आणि अंगणात जे हलेल त्याच्यामागं लागले. काचेत कोंबडी डावीकडे पळाली की मी डावीकडे वळायची आणि काचेत नुसती भिंत. म्हशीचा फोटो काढला, शेपटी आली. मामीजी मला शिव्या देत होत्या त्यांचा काढला, त्यात फक्त बोट आलं. रीळ वाया, औषध वाया. उलट वळायचं, उलट वळायचं असं मी पोळ्या लाटतानाही पुटपुटत होते. शेवटी एकदा कोंबडा आला, अख्खा, पाय उचललेला, डोळ्यात चमक असलेला. त्या कोंबड्याला मी देवघरात ठेवलं नाही एवढंच.

बुढी तोवर फार खंगली होती. टोपली सुनेच्या डोक्यावर, आपण काठीवर. आली आणि नेहमीसारखी अंगणात विळी घेऊन बसली. मी फोटोचं नाव काढलं नाही. तिला बस म्हटलं असतं तर तिनं डोळे मिटले असते. डोक्यावर पदर घेतला, मान खाली घातली. तिला वाटलं, मी तांदूळ निवडते आहे. काचेत बुढी उलट्या हातानं मासा फाडत होती. आतडी बाहेर आली, कावळा झेपावला, आणि तिनं रक्ताळलेली विळी सोडून त्याला अशी एक शिवी हासडली की मामीजींनी आत कानांवर हात ठेवले. मी उलट वळले आणि खटका दाबला.

फोटो घेऊन मी तिच्या झोपडीत गेले. सुकत टाकलेल्या माशांच्या वासानं पदर नाकाला लावून. दोन्ही पोरगे घरी होते. बुढीनं फोटो हातात घेतला, ओल्या, खवले चिकटलेल्या हातात. फोटोत तिचं तोंड सताड उघडं, त्यात उरलेले दोन दात, नाक फेंदारलेलं, कोपरापर्यंत माशाची घाण, आणि डोळे कावळ्यावर. तिचेच, बारके, पाणचट, रागीट.

तिनं तो दारातल्या उजेडाकडे धरला. मग म्हणाली, "किती घान दिसते वं मी."

मोठा पोरगा मागून वाकून बघत होता. "बाई, हे भिंतीवर कसं लावाव? लोकं हासतीन. तोंड तरी मिटवून द्या. बापाले डोळे देल्ले तसे मायलेबी द्या, जोडी दिसन."

आणि माझा हात पिशवीकडे गेला. कुंचला मी बरोबर आणला होता, कारण त्याच्याशिवाय मी कुठं जात नसे. तेवढ्या वेळातही मनात आलं होतं की दात झाकले तर बरं दिसेल.

बुढीनं माझ्या हाताकडे पाहिलं. फोटो उचलला, आपल्याखाली घातला आणि त्यावर फतकल मारून बसली.

"आता काढ कुंचला," म्हणाली. "हे मीच आहो. मी मरेपावेतो याच्यावर बसून राह्यते, पन तुले डोळे लावू देत नाई."

पोरगा म्हणाला, "माय, उठ ना. वल्लं हाय खाली."

"असू दे वल्लं."

ती उठली नाही. मी थांबले, चहा झाला, काळ्या चहात मीठ घातल्यासारखी चव, तीही माशाची. ती बसूनच. शेवटी मी निघाले तेव्हा तिनं बसल्या जागेवरून हात लांब करून टोपलीतली एक मरळ काढली आणि मला दिली. न गुंडाळता, तशीच. मासा अजून जिवंत होता आणि वाटभर माझ्या हातात वळवळत होता. मी तो टाकला नाही. दोन्ही हातांनी घट्ट धरून घरी आणला.