धक्क्याखालचे दगड

माझा थोरला भाऊ एका बंदरात हमाल होता. बंदराचं नाव लिहून आता उपयोग नाही. बासष्टच्या सुमारास तिथल्या धक्क्याच्या जुन्या दगडी भिंतीचा एक तुकडा ढासळून पाण्यात गेला आणि त्यावर उभा असलेला दादाही गेला. पाणबुड्यांनी शोधलं, हाती काही लागलं नाही. दगडांखाली असणार, असं सांगून त्यांनी काम थांबवलं, कारण जहाजं खोळंबली होती. जहाजांची केवढी ती काळजी!

वहिनी चाकणजवळच्या आमच्या गावाहून माझ्याकडे चिंचवडला राहायला आली. कपाळावर कुंकू तसंच. "हाडं हातात येऊ द्यात भावजी, मग पुसीन," एवढंच म्हणाली. चाळीतल्या बायकांची मात्र पंचाईत झाली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलवावं तर अपशकुनाची भीती, न बोलवावं तर तिचं ठसठशीत कुंकू समोर. शेवटी त्या माझ्या बायकोलाच बोलवत आणि वहिनीसाठी तिळगूळ तिच्या हाती पाठवत. मला संताप यायचा. वहिनी तो तिळगूळ मुकाट्यानं खायची.

मी एका लहानशा कारखान्यात टर्नर होतो. बऱ्याच वर्षांनी आमच्याकडे लांबलचक पोलादी सळयांचं काम आलं. बंदरातली एक जुनी भिंत पाण्याकडे कलत चालली होती, तिला या सळयांनी मागच्या जमिनीत बांधून टाकायचं होतं. कुठला धक्का, ते विचारलं आणि हातातला चहा तसाच राहिला. दादाचाच होता.

घरी सांगितलं तेव्हा वहिनी भाकरी थापत होती.

"भिंत दुरुस्त करायची, म्हंजी खालचे दगड काढत्याल. व्हय ना, भावजी?"

"काढतील की," मी म्हणालो. मलाही तसंच वाटलं होतं.

सळयांच्या टोकांना आटे पाडताना मी जेवणाची सुट्टीही विसरायचो. "राव, घरचं लग्न हाय का काय?" शेजारच्या लेथवरचा चिडवायचा. नट बसवायला बंदरावर माणसं पाठवायची ठरली तेव्हा मी आधी हात वर केला. निघताना वहिनीनं माझ्या पिशवीत धुतलेलं पांढरं फडकं घडी करून ठेवलं, वर बांधायला सुतळी. 

बंदर चालूच होतं. शेजारी जहाज लागलेलं, डोक्यावर क्रेन फिरत होती. जुन्या भिंतीसमोर पाण्यात जाड पोलादी पत्र्यांची नवी रांग ठोकून झाली होती. मधली जागा काँक्रीटनं भरायची होती. मी मुकादमाला विचारलं, खालचे दगड कधी उचलणार?

"ते काढले तर उरलेली भिंत खाली येईल. पायाला आता त्यांचाच आधार आहे. ते ठेवूनच वरून भरायचं."

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, म्हणूनच जास्त राग आला. मी पाडलेल्या आट्यांवर मीच नट आवळले. एक तरी ढिला ठेवावा असं मनात आलं, पण हातानं ऐकलं नाही. मग काँक्रीट पाण्याखाली उतरू लागलं. ते भरून होईपर्यंत मी तिथेच उभा राहिलो.

फडकं घडीसकट परत आणलं. वहिनीनं ते हातात घेतलं आणि तिला कळलं.

"आता कुनी उकरायचं न्हाई?"

"नाही, वहिनी."

"भिंत पक्की झाली?"

"पक्की झाली."

ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून तिनं रोजच्यासारखं कुंकू लावलं.

ऐंशीनंतर वहिनी काविळीनं गेली. चाळीतल्या बायका जमल्या आणि अडून बसल्या. सवाष्ण म्हणून हिरवं लुगडं नेसवायचं, की नाही? भावकीतला म्हातारा म्हणाला, "लई वर्सं झाली. आता तूच काय ते सांग." सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. दादा गेला हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्याच्यावर पडलेलं काँक्रीट मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"हिरवं आणा," मी म्हणालो. "आणि मळवट भरा."

संक्रांतीला तिला एकदाही न बोलावणाऱ्या बायकांनीच तो भरला.